मंत्रीसाहेब, सरकारी पानांवरची हेडिंग खरी हेडिंग करा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

साहेब, मी वेबसाइट बनवतो आणि अंध लोकांना त्या नीट वाचता येतात का हेही तपासतो, म्हणून लिहितोय. आपल्या एका खात्याच्या भरतीच्या पानावर ‘पात्रता’, ‘शुल्क’, ‘शेवटची तारीख’ सगळं मोठ्या जाड अक्षरात आहे, बघणाऱ्याला वाटतं छान हेडिंग दिलीत. कोड उघडला तर आत नुसता बी टॅग, म्हणजे अक्षर फक्त जाड करणारी खूण, आणि वर फॉन्ट साइज वाढवलेली. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून कीबोर्डवरचं एच दाबलं की तो पुढच्या हेडिंगवर जातो, इथे जातच नाही, कारण त्याच्या लेखी पानावर एकही हेडिंग नाहीये. मग तारीख शोधायला त्या उमेदवाराने अख्खी जाहिरात ऐकत बसायची! तेच हेडिंगसाठीच्या एच-टू टॅगमध्ये टाकलं असतं तर दोन-चार वेळा एच दाबून काम झालं असतं, आणि दिसायला सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडने, हवं तेवढं जाड करता येतंच की.

मुदतवाढीचं तर विचारूच नका. नवी तारीख लाल रंगात, बस. ऐकणाऱ्याला लाल कसं कळणार? ‘सुधारित तारीख’ एवढं लिहायला काय जातं?

बी काढून सगळीकडे स्ट्राँग, म्हणजे ‘हे महत्त्वाचं आहे’ असं सांगणारा टॅग, टाका असं मी म्हणत नाहीये, बरेचसे स्क्रीन रीडर नेहमीच्या सेटिंगवर त्या दोघांत फरकच करत नाहीत. एखादा शब्द नुसता नजरेत भरायला हवा असेल तर बी खुशाल वापरा, ‘अन्यथा अर्ज बाद होईल’ अशा इशाऱ्याला स्ट्राँग. पण हेडिंगला हेडिंगच पाहिजे, तिथे तडजोड नको.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, केंद्राच्या सरकारी वेबसाइटसाठीच्या गाइडलाइन्सची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. अजून कशाची वाट बघायची?

वर्डमधून कॉपी-पेस्ट करणाऱ्या क्लार्कला दोष देऊ नका, त्याला हे कुणी शिकवलेलंच नसतं. वेबसाइटवर मजकूर टाकायच्या एडिटरमधून फॉन्ट साइजचं बटण काढा, हेडिंगचा पर्याय समोर ठेवा, आणि स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाने पान तपासून हो म्हटल्याशिवाय कंत्राटदाराचं बिल पास करू नका. टेंडरमध्येच ही अट घाला, पुढच्या भरतीच्या आधी.

आपला,
एक वेब डेव्हलपर, पुणे