छपराचे आधी बघ

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

गोव्यातले आपले घर पर्यटकांना खोल्या देण्यासाठी दुरुस्त करताना, मृग तोंडावर आलेला असतानाच देवघरावरची कौले उतरवल्याचे तू काल कळवलेस, पण देव कुठे हलवले ते लिहिले नाहीस. आईच्या हातातले पंचांग खाली ठेवले जात नाही. पावसाविषयी लिहायचे नाही असे मी ठरवले आहे, म्हणून आधी भिंतींचे लिहितो.

कंत्राटदार सिमेंटच्या गिलाव्याचा आग्रह धरील, तो मानू नकोस. आपला जांभ्या दगडाचा चिरा पाणी शोषतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर सोडतो. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आतच मुरते आणि पोपडे सुटतात. चुना मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि भर पावसात धरत नाही, त्यामुळे गोष्ट पुन्हा छपराशीच येते: वासे बदलून, रीपा ठोकून कौले चढल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावू नकोस. जुनी कौले वाजवून बघ, खणखणीत वाजतील ती ठेव. काहींच्या पाठीवर बासेल मिशनचा, म्हणजे कौले बनवणाऱ्या ख्रिस्ती मिशनचा, छाप आणि 1865 असेल. ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचे साल आहे, तेव्हा पाहुण्यांना कौलांचे भलतेच वय सांगू नकोस.

हे व्याख्यान झाले. वास्तुकला तू शिकलास, मी आयुष्यभर वह्या तपासल्या, तेव्हा माफ कर.

कागदांचे मात्र सांगतोच. पर्यटन खात्याची नोंदणी 1982 च्या कायद्याखाली होईल, पण त्याआधी आत्येचा आणि धाकट्या काकांचा होकार, काकूंच्या सहीसह आणि आत्येच्या यजमानांच्या सहीसह, लेखी घे. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, आणि जोडीदाराचीही सही लागते याचे तुझ्या पुण्याच्या मित्रांना नवल वाटेल. चतुर्थीतले बोलणे काका विसरलेले नाहीत, तरी तूच आधी जा.

माडीवरच्या शिंपल्यांच्या तावदानांना काच लावू नकोस. आजी तापात पडून असायची तेव्हा दुपारचे ऊन त्यांतून दुधासारखे उतरायचे आणि ती आम्हां भावंडांना बोलावून माटोळीला, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला, कोणती रानफळे आणायची ते सांगायची, तेही चैत्रात! माटोळीच्या कड्या काढू देऊ नकोस, आणि चतुर्थीला खोल्या देणार नाहीस हे तू कबूल केले आहेस.

घर विकायला काढले नाही, मुलगा ते उभे करतो आहे, हे मी शेजाऱ्यांना न विचारताच सांगतो. कर्ज तुझ्या एकट्याच्या नावावर आहे, ते मात्र सांगत नाही.

जाड ताडपत्री डिचोलीत मिळाली नाही तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेऊन येतो. लांबी-रुंदी आजच कळव.

तुझा,
बाबा