बो स्ट्रीटचे जुने ठाणेही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पुरवणीत लंडन सहलींच्या जाहिराती दिसू लागतात. त्यात मराठी माणसासाठी म्हणून बहुधा दोन घरे असतात. एक, महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतलेले किंग हेन्रीज रोडवरचे डॉ. आंबेडकरांचे निवासस्थान. दुसरे, हायगेटमधले इंडिया हाऊस, जिथे भिंतीवर सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे. दोन्ही पाहायलाच हवीत. पण सावरकरांच्याच अटकेशी जोडलेली तिसरी एक वास्तू कोणी दाखवत नाही, म्हणून हे पत्र.

कॉव्हेंट गार्डनमध्ये रॉयल ऑपेरा हाऊसच्या अगदी समोर बो स्ट्रीटचे पोलीस ठाणे आणि कोर्ट होते. १८८१ ची दगडी इमारत. ठाणे १९९२ मध्ये बंद झाले, कोर्टाने १४ जुलै २००६ रोजी शेवटचे काम केले. आता तिथे बडे हॉटेल आहे. मात्र ठाण्याचा कोठड्यांचा भाग २०२१ पासून पोलीस संग्रहालय म्हणून खुला झाला. मुलीकडे गेले होते तेव्हा मी मुद्दाम तिथे गेले. माझे वडील हवालदार होते, बालपण पोलीस लाइनीत गेले. त्यामुळे लॉकअपचे दार मला परके नाही. तरी त्या अरुंद कोठडीत पाय ठेवताना दोन क्षण थांबावेसे वाटले. आरोपीला उभे करायचा कोर्टातला लाकडी पिंजराही तिथे ठेवला आहे. जिथे रात्री दारुडे कोंबत, ती मोठी सामाईक कोठडीही आहे. (आमच्या लाइनीजवळच्या ठाण्यात त्या कामाला व्हरांडा होता.)

लंडनच्या पोलिसांची पाळेमुळेच या रस्त्यावर आहेत. मेट्रोपॉलिटन पोलीस १८२९ मध्ये उभे राहिले, त्याच्या ऐंशी वर्षे आधी, १७४९ मध्ये, इथल्या हेन्री फील्डिंग या मॅजिस्ट्रेटने चोर पकडायला मोजकी पगारी माणसे नेमली. त्याच्यानंतर त्याचा सावत्र भाऊ जॉन त्या खुर्चीवर बसला. तो आंधळा होता आणि तीन हजार चोर नुसत्या आवाजावरून ओळखायचा, अशी आख्यायिका आहे. आकडा थोडा फुगलेला असणार! इंग्लंडमध्ये पोलीस ठाण्यांबाहेर निळा दिवा असे, इथे मात्र पांढरा. ऑपेराला येणाऱ्या व्हिक्टोरिया राणीला निळा दिवा पाहून पतीचे निधन झाले ती निळी खोली आठवे, म्हणून तो बदलला, असे सांगतात.

आता मुद्द्याचे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. ते पिस्तूल सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांपैकी होते. माग लंडनपर्यंत गेला. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून परतणाऱ्या सावरकरांना व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडले आणि बो स्ट्रीटला आणले. फरारी आरोपींच्या १८८१ च्या कायद्याखाली त्यांना हिंदुस्थानात पाठवायचे की नाही, याची सुनावणी याच कोर्टात झाली. १२ मे रोजी मॅजिस्ट्रेट डी रुट्झेन यांनी पाठवा म्हणून सांगितले. वरची अपिले फेटाळली गेली. मधल्या काळात मुक्काम ब्रिक्स्टनच्या तुरुंगात. तिथूनच त्यांनी वहिनींना कवितेतून निरोप धाडला. १ जुलैला मोरिया बोट निघाली आणि पुढची मार्सेची उडी आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. उडीआधीच्या साडेतीन महिन्यांबद्दल मात्र कोणी विचारत नाही. खरे तर हा तरुण इथल्या कायद्याच्या कचाट्यात सापडला तो या ठाण्यात. इंडिया हाऊस हे राहते घर होते, बो स्ट्रीटला लढाई झाली.

सावरकरांच्या पुढच्या राजकारणाविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील, माझ्या घरातच ती आहेत. १९१० च्या नोंदीला त्याने बाध येऊ नये. याच आवारात १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डला आणले होते, १९०८ मध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या एमेलिन पॅंकहर्स्टना. त्या रांगेत आपलाही माणूस आहे.

म्हणून दोन विनंत्या. सहल कंपन्यांनी कॉव्हेंट गार्डनला खरेदीसाठी ठेवलेल्या वेळेतून तासभर इकडे द्यावा. भुयारी रेल्वेच्या स्टेशनापासून पाच मिनिटे चालायचे. संग्रहालय रोज उघडे नसते, वार बघून जावे. दुसरी विनंती लंडनच्या महाराष्ट्र मंडळाला. १९३२ पासूनची ही संस्था. तिने संग्रहालयाच्या मंडळींना भेटून या सुनावणीची मराठी आणि इंग्रजी टिपणे, त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांतील कात्रणांसह, त्यांच्या दप्तरी द्यावीत. एक छोटा फलक लागला तर उत्तमच.

आपल्याकडे जुने ठाणे म्हणजे जप्त मोटारसायकलींचे आणि मुद्देमालाच्या पोत्यांचे आगर. नवी इमारत झाली की जुनी पाडायची, एवढेच ठरलेले. वडिलांनी ज्या ठाण्यात अठरा वर्षे ड्युटी केली, तिथे आता वाहनतळ आहे. स्टेशन डायऱ्या कुठे गेल्या, हे विचारायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा मला तक्रारदार समजून बाकावर बसवले.

आपली,
एका हवालदाराची मुलगी, डोंबिवली