शृंगी घुबडाला अपशकुनी ठरवून मारताय कशाला?

संपादक महोदय,
मार्कंडेय नदीकाठच्या दरडी आणि जुन्या दगडखाणी, असल्या जागी हे शृंगी घुबड राहतं, कानासारखी पिसं, नारिंगी डोळे, आणि रात्री त्याचा घुमणारा आवाज आला की लोक लगेच दगड उचलतात. अहो, उसातले उंदीर-घुशी कोण खातंय? त्याच्या बसायच्या जागेखाली त्यानं ओकून टाकलेल्या गोळ्या पडतात, फोडून बघा, नुसते उंदरांचे केस आणि हाडं! हे घरटं बांधत नाही, खडकाच्या कपारीत उघड्या मातीवरच अंडी घालतं, महिनाभर मादी उबवते, मग खाणीत जेसीबी शिरला की सगळं संपलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबड मारणं गुन्हा आहे, तरी दिवाळीत जादूटोण्यासाठी धरतातच. वनखात्यानं नोव्हेंबर ते एप्रिल या त्याच्या विणीच्या काळात या खाणींवर लक्ष ठेवावं.

— एक वाचक, बेळगाव