लेथवरच्या लाकडाला चमक आणायला महागडा किट कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) लाकूडकाम करायच्या छंदावर लेख आला तो आवडला, पण शेवटी पॉलिशसाठी जी परदेशी बफिंग किटची (फिरत्या चाकावर घासून चमकवायच्या संचांची) यादी दिलीय ना ती वाचून नवीन माणूस लेथ घ्यायच्या आधीच घाबरेल. एवढं काही लागत नाही हो. माझं सगळं काम हार्डवेअरवाला, रंगाचं दुकान आणि मध विकणारा एवढ्यावर चालतं.

मुळात चमक पॉलिशने येते हाच गैरसमज आहे. चमक येते सँडपेपर मारण्यात. १२०, १८०, २४०, ३२०, ४०० नंबर असं क्रमाने जायचं (नंबर वाढेल तसा पेपर बारीक), मधला नंबर गाळायचा नाही, आणि प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करून तोच पेपर हाताने लाकडाच्या रेशाच्या दिशेने फिरवायचा, कारण फिरत्या लाकडावर गोल रेघा पडतात आणि त्या पॉलिशनंतरच दिसायला लागतात. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून बघा, सगळं कळतं. २४० नंतर एकदा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यायचं, उभे राहिलेले रेशे पुढच्या पेपरने जातात. ४०० नंतर खाकी लिफाफ्याचा कागद घासायचा आणि मग लेथखाली पडलेला त्याच लाकडाचा कीस मूठभर घेऊन फिरत्या वस्तूवर दाबायचा. फुकटात काम, आणि शिसवाला तर एवढ्यानेच असा तुकतुकीतपणा येतो की वर काही लावावंसं वाटत नाही.

आता लावायचं काय. मधमाशीचं मेण १ भाग आणि जवसाचं तेल ३-४ भाग, गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर नाही. लेथ बंद असताना बोटाने लावायचं, मग चालू करून टिश्यू पेपरने दाबायचं. कापड वापरू नका, बोटाला गुंडाळलेलं तर अजिबात नाही. कागद अडकला तर फाटतो, कापड बोट घेऊन जातं! खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल चालेल का असं लोक विचारतात. नाही चालणार, ती वाळतच नाहीत, चिकट राहतात आणि पुढे खवट वास येतो. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

जास्त झळाळी हवी असेल तर चपडा लाख (पातळ पापड्यांच्या रूपातली लाख), १०० ग्रॅमला साधारण अर्धा लिटर स्पिरिट, रात्रभर भिजवून गाळून घ्यायचं. पातळ पातळ हात द्यायचे. भोवरे, खुळखुळे, फुलदाणी यांना मस्त, पण लाटण्याला किंवा गरम चहाचा कप ठेवायच्या वस्तूला नको, लाख उष्णतेने पांढरी पडते. लाटण्याला नुसतं तेल-मेण बरं.

बफ, म्हणजे चमकवायचं कापडी चाक, घरी होतो. जुन्या सुती कपड्याच्या गोल चकत्या एकावर एक ठेवून मधून नटबोल्ट घालायचा आणि ड्रिलमध्ये किंवा लेथच्या चकमध्ये (वस्तू पकडायच्या जबड्यात) पकडायचा. भांडी पॉलिश करणाऱ्यांकडे मिळणारा पांढरा साबण (पॉलिशची घट्ट वडी, धुण्याचा नव्हे) लावायचा, तपकिरी साबण फिकट लाकडाच्या छिद्रांत काळपट बसतो. वस्तू नेहमी चाकाच्या खालच्या बाजूला धरा, वर धरली की चाक ती हातातून हिसकून भिरकावतं. मास्क लावा हे वेगळं सांगायला नको, शिसवाची धूळ तर फारच वाईट.

आणि या सगळ्याहून स्वस्त पद्धत आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याच्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी फिरत्या वस्तूला टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, आणि मग केवड्याच्या जातीचं पान दाबून धरतात की लाख सारखी पसरून आरशासारखी होते. ना स्पिरिट ना बफ. केवडा आमच्या कोकणात व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला हवा तेवढा आहे (पानांचे काटे मात्र आधी काढायचे, नाहीतर हातच पॉलिश होतो). सावंतवाडीत लाखकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, तेव्हा पुढच्या लेखासाठी ऑनलाइन दुकानाची लिंक देण्यापेक्षा तिथल्या चितारआळीत (या कारागिरांच्या गल्लीत) एक वार्ताहर पाठवा आणि कारागिराचे हात चालू असताना जवळून फोटो काढून छापा, आम्ही कात्रण कापून लेथच्या वर चिकटवू.

आपला,
एक वाचक, कुडाळ