कारण : बदली

संपादक महोदय,

मंदी आली की नाही, यावर तुमच्या अंकात गेले काही दिवस अर्थतज्ज्ञांची जुंपली आहे. सलग दोन तिमाहींत उत्पादन घटले तरच तिला मंदी म्हणायचे, असे एकाचे म्हणणे. मी ग्रंथालयाच्या देवघेव विभागात २६ वर्षे काढली. मला एवढी वाट पाहावी लागत नसे. अनामत परत मागणारे अर्ज वाढू लागले, की काय ते कळे.

त्या अर्जात ‘सभासदत्व रद्द करण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली गुंतवणूक बँक बुडाली, त्यानंतरच्या वर्षभरात या रकान्यात मी ‘बदली’ हा शब्द सारखा वाचत होतो. बदली झालेले हेच गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी मोफत वाचनकक्षात, पंख्याखालची खुर्ची धरून. मी मान वर करत नसे, तेही करत नसत. ‘नोकरी गेली’ असे एकानेही लिहिले नाही.

तेजीत यांनाच श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पुस्तक तीन-तीन महिने घरी, दंड किती हे न विचारताच नोट पुढे, सुटे पैसे परत घ्यायलाही थांबायचे नाहीत. शेअरबाजारावरच्या पुस्तकांना प्रतीक्षायादी असे. त्या पुस्तकांवर पुढे धूळ बसली.

मंदीच्या पहिल्या काही महिन्यांत वाचनकक्षात खुर्च्या पुरेनात. कार्यकारिणीत कुणीतरी आनंदाने म्हणाले, वाचनसंस्कृती वाढतेय. मी गप्प बसलो, कारण मला मारिएन्थाल आठवत होते. व्हिएन्नाजवळची ही कामगारवस्ती. १९२९ च्या महामंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळी वस्ती बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांनी तिथल्या रोजच्या जगण्याचा अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही वाचनालय होते. पूर्वी पुस्तकाला शुल्क पडे, ते माफ केले. वेळ तर प्रत्येकाकडे दिवसभर. तरीही १९२९ ते १९३१ या काळात पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. अभ्यासकांनी रस्त्यावरची चालसुद्धा मोजली. पुरुष जागोजागी थांबत, रेंगाळत. बायका मात्र भरभर चालत होत्या, घरचे काम काही बंद पडले नव्हते.

आमच्याकडे तेच झाले. बायका पूर्वीही पाच मिनिटांत पुस्तक बदलून जात, मंदीतही पाच मिनिटांतच. पुरुष आधी दिवसभर बसले, मग दुपारपर्यंत, मग अधूनमधून. एकाला विचारले, तर म्हणाला, ‘‘रोज येऊन तरी काय करायचं?’’ गर्दी ओसरली तेव्हा कार्यकारिणीने अंदाज बांधला की लोकांना कामे मिळाली असणार. काहींना मिळालीही. आणि गर्दी नाही म्हणून संध्याकाळचे दोन तास कमी केले!

हे आमच्यापुरतेच नाही. ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या खर्चकपातीत शेकडो सार्वजनिक वाचनालये बंद झाली. दिवसभर कुठे बसायचे हा प्रश्न लोकांना पडतो, नेमकी तेव्हाच ती जागा महाग वाटू लागते. पैसे नसतात हे मला मान्य आहे, हिशेबाच्या वह्या मीही पाहिल्या आहेत. पण निदान वाचनकक्षाच्या वेळेला शेवटी हात लावा. आणि ‘बेरोजगारीचा दर’ छापता, तसे त्या दरातल्या एखाद्या माणसाने सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत काय केले, हेही कधीतरी छापा.

जाता जाता एक किरकोळ विनंती. त्या काळात तुमचा अंक अकरा वाजेपर्यंत कधीच अखंड राहत नसे. नोकरीच्या जाहिराती कुणीतरी ब्लेडने कापून नेई. इतक्या सफाईने, की रागवायचे सुचत नसे. जाहिरातींच्या झेरॉक्स काढून फलकावर लावून पाहिल्या, तर त्याही नाहीशा झाल्या. बहुधा दुसऱ्या कुणाला दिसू नयेत म्हणून. त्या पानाच्या मागे नेमका वाचकांचा पत्रव्यवहार असे, आणि पत्राच्या ऐन मध्यात चौकोनी खिडकी पडलेली. ही दोन पाने पाठीला पाठ लावून छापू नयेत.

आपला,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी