थाई वाचताना शब्द कुठे तोडायचा

बँकॉक

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, थाई मजकुरात शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत, मग शब्द कळतो तरी कसा, असे तू फोनवर विचारलेस. त्याचे उत्तर सविस्तर लिहावेसे वाटले. इथे जागा सोडतात ती वाक्य किंवा त्याचा मोठा भाग संपल्यावर आणि आकड्यांच्या आजूबाजूला. बाकी सारे सलग. बाबा, तुम्ही मोडी दस्त वाचता, तेव्हा सलग लिखाणाचे तुम्हाला नवल वाटणार नाही. परंतु मोडीत भाषा आपलीच असल्यामुळे शब्द आपोआप सुटे होतात, इथे मात्र लिपी आणि भाषा एकदमच शिकावी लागते.

माझ्या मते आधी शब्द शोधूच नये, उच्चाराचा एकेक तुकडा शोधावा, कारण त्याच्या खुणा लिपीतच आहेत. ए, ॲ, ओ आणि आय यांची चिन्हे आपल्या ऱ्हस्व वेलांटीप्रमाणे व्यंजनाच्या डावीकडे बसतात. असे चिन्ह दिसले की मागचा तुकडा संपला, हे नक्की. विसर्गासारखे दिसणारे ऱ्हस्व अ चे चिन्ह आले की तिथेही तुकडा संपतो. मूक अक्षराच्या डोक्यावरची खूणही बहुधा शेवटच दाखवते: आपला ‘चंद्र’ इथे ‘चन’ असा उच्चारतात, पण द आणि र लिहितात, आणि ती खूण र वर असते.

खरी परीक्षा पुढे आहे. त, आ, क, ल, म ही चिन्हे ओळीने आली, तर ‘ता क्लोम’ म्हणजे गोल डोळे असेही वाचता येते आणि ‘ताक लोम’ म्हणजे वारा खाणे असेही, कारण मधला ओ लिहितच नाहीत आणि क कोणत्या बाजूचा, हे लिपी सांगत नाही. मागे ‘बसणे’ हे क्रियापद असेल तर वारा, कुणाच्या चेहऱ्याचे वर्णन चालू असेल तर डोळे. म्हणून मी मोठ्याने वाचते आणि अर्थ लागेपर्यंत तोड पक्की करत नाही. भाववाचक नामाच्या आरंभी येणारा ‘ख्वाम’ आता लांबूनच ओळखू येतो, त्याचा फार आधार वाटतो.

अनोळखी विशेषनामे अजून अडवतात. त्यांना वेगळी खूण नसल्यामुळे बातमीतले एखादे आडनाव ओळखीच्या शब्दांत फुटते आणि सगळे वाक्य पुन्हा लावावे लागते.

बाबा, मोडीत अनोळखी गावांची नावे तुम्ही कशी सोडवता, ते मला अवश्य कळवा.

तुमची लेक