वाळपईतल्या मोबाइलवाल्या दादांना मनापासून आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

आईच्या फोनबद्दल दुकानात आभार मानले होते, पण तेवढ्याने मन भरलं नाही. पत्र मुद्दाम उघड लिहितेय, कारण सत्तरी तालुक्यात असाच फोन हातात धरून बसलेलं आणखी कोणी असेल.

आई गावात एकटी राहते. तिला रक्तदाबाचा त्रास आहे. रात्री-अपरात्री काही झालं तर 108 ला फोन लागायलाच हवा. इथे तर व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, 4जीच्या कांड्या पूर्ण दिसतायत आणि नंबर लावला की लगेच कट. दुसऱ्या एका दुकानात ‘बोर्ड गेला, नवीन घ्या’ असं सांगितलं, तेव्हा आई पैसे बाजूला काढायलाही लागली होती.

तुम्ही फोन उघडलाच नाहीत. आधी आईचं सिम स्वतःच्या फोनमध्ये घातलंत. फोन लागला. म्हणजे सिम, रिचार्ज, टॉवर सगळं ठीक. मग दुसऱ्या कंपनीचं तुमचं सिम आईच्या फोनमध्ये घातलंत. त्यावरूनही लागला, पण बोलणं सुरू होताच वरचं 4जी जाऊन 2जी आलं. “मावशी, सापडलं!” म्हणालात.

मी शेजारी उभी होते, तरी पुढचं सगळं तुम्ही आईलाच समजावलंत. याचं मला सर्वांत जास्त अप्रूप वाटलं. 4जीवर आवाजही डेटासारखाच जातो आणि त्यासाठी फोनमधली व्होल्टी (VoLTE) नावाची सोय चालू लागते. ती बंद असेल तर फोन कॉलपुरता 2जी किंवा 3जीवर उतरतो. आईच्या कंपनीचं नेटवर्क मात्र 4जीपासूनच सुरू होतं, खाली उतरायला जागाच नाही. “पूल बंद असला तर आपण फेरीबोटीने जातो ना मावशी? इथे फेरीबोटच नाही,” असं तुम्ही म्हणालात आणि आईला ते तिथल्या तिथे कळलं.

मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटण बंद होतं. ते तुम्ही आईच्याच बोटाने चालू करवलंत. फोन बंद करून सुरू केल्यावर व्होल्टीची खूण दिसली आणि तिने लावलेला पहिला फोन माझ्या पर्समध्ये वाजला.

एवढ्याने झालं नसतं तर नेटवर्क सेटिंग रीसेट करावं लागलं असतं, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. त्यात फोटो आणि नंबर जात नाहीत, वायफायचे पासवर्ड मात्र पुन्हा घालावे लागतात. नातवंडांचे फोटो जातील म्हणून आई घाबरली होती, ते तुम्ही तिने न विचारताच ओळखलंत.

चवथीला घरी या. आई नेवऱ्या करणार आहे, आणि बोलावणं करायला ती स्वतःच फोन लावणार आहे.

तुमची आभारी,
मावशींची पणजीला असणारी लेक